महिन्याचा पगार नसलेल्या घरात महिन्याचं बजेट: धाराशिवच्या विद्यार्थ्यांना अंदाजपत्रक शिकवायचं कसं?

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकरी घरात जून महिना एकाच वेळी दोन्ही हात पुढे करतो. एका हातावर सोयाबीनचं बियाणं आणि खताची पोती ठेवायची असतात, दुसऱ्या हातावर वह्या, गणवेश आणि प्रवेशाची फी. घरात पैसा मात्र येतो तो सोयाबीन बाजारात गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधले चार-पाच महिने घर कसं चालतं, हे त्या घरातल्या नववीतल्या मुलाला बरोबर माहीत असतं. दुकानातली उधारी कुणाच्या नावावर लिहिली आहे, कुणाकडून हातउसने आणले, कुठली शेळी कधी विकली, सगळं तो पाहत असतो. फक्त याला 'अंदाजपत्रक' म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

विद्यार्थ्यांना स्वतःचं बजेट करायला शिकवा, असं सगळेच म्हणतात. त्यासाठी जे नमुने हाताशी येतात त्यात पहिली ओळ ठरलेली असते: 'महिन्याचं उत्पन्न'. गडबड इथेच होते. ज्या घरात एक तारखेला पगार येत नाही, त्या घरातल्या मुलाने त्या रकान्यात काय लिहायचं?

पुस्तकात काय आहे?

हा विषय महाराष्ट्राच्या शाळांना नवा नाही. राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ या पुस्तकात सहावं प्रकरण 'अर्थनियोजन' या नावाचं आहे. त्यात बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर येतो. दहावीच्या भाग १ मध्ये याच नावाचं चौथं प्रकरण आहे, त्यात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड आणि एसआयपी आहे. चांगला अभ्यासक्रम आहे, त्यात वाद नाही. पण दहावीतली मुलगी म्युच्युअल फंडाच्या युनिटचं गणित सोडवून पूर्ण गुण मिळवते आणि सहा महिन्यांनी अकरावीसाठी धाराशिव शहरात खोली घेऊन राहते, तेव्हा मेसचे पैसे दिल्यावर हातात किती उरतील याचा अंदाज तिला बांधता येतोच असं नाही. टक्केवारी येते, पण ती स्वतःच्या खिशाला लावायची सवय झालेली नसते.

देशाचं चित्रही फार वेगळं नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत २७ टक्के प्रौढच आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. ग्रामीण भागात हे प्रमाण २४ टक्के होतं.

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातून या यादीत चारच जिल्हे आहेत, बाकीचे तीन नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली. या कार्यक्रमाच्या पाच विषयांपैकी एक 'आर्थिक समावेशन आणि कौशल्य विकास' आहे. त्यात जनधन खाती, विमा, मुद्रा कर्ज अशा गोष्टी मोजल्या जातात. मोजायला त्या सोप्या असतात. खातं उघडलेल्या मुलाला त्या खात्यातला पैसा मार्चपर्यंत पुरवता येतो का, हे अशा आकड्यांत दिसत नाही.

पैशाचं वर्ष बारा सारख्या तुकड्यांचं नसतं

जिल्ह्यातल्या एखाद्या घराची वर्षभराची जमा कागदावर मांडली तर काय दिसतं? सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे, तुरीचा त्यानंतर. ऊस असेल तर कारखाना कधी तोड देतो आणि बिल कधी काढतो त्यावर. दूध घालणाऱ्या घरात पगार बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो. भूम भागात खव्याच्या भट्टीवर रोजचं दूध जातं, तिथलं चक्र आणखी वेगळं. तुळजापुरात नवरात्र म्हणजे अनेक घरांच्या कमाईचा हंगाम. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये येतात, तेही २,००० च्या तीन हप्त्यांत.

बऱ्याच घरांत महिन्याच्या हिशोबाने ठरलेली जमा पहिल्यांदा आली ती जुलै २०२४ पासून, आईच्या खात्यात, लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांच्या रूपाने. तारीख पुढेमागे होते, पण 'महिन्याची रक्कम' ही कल्पना मुलांना समजावून सांगायला घरातलंच एक उदाहरण मिळालं.

मग येतो सगळ्यात अवघड प्रश्न: उचल. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यात धाराशिव जिल्ह्यातलीही असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम एकरकमी उचल देतो आणि पुढचे पाच-सहा महिने तोडणी करून ती फेडायची असते. तोडलेल्या उसाची मजुरी उचलीतून वजा होत जाते. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आता मुलाने वहीत ही रक्कम कुठे लिहायची, जमेत की कर्जात?

वर्गात विचारला तर या एका प्रश्नावर तास निघून जाईल. हातात रोख आली म्हणून जमेत लिहावी असं वाटतं. पण ती अजून कमावलेली नाही. उत्तर असं की ती दोन्हीकडे लिहायची: जमेच्या बाजूला रोख म्हणून आणि देण्याच्या यादीत कर्ज म्हणून. मग दर महिन्याला जेवढी फिटली तेवढी देण्यातून कमी करायची. हे एकदा हाताने लिहिलेल्या मुलाला क्रेडिट कार्ड किंवा 'आत्ता घ्या, नंतर द्या' असलं मोबाइलवरचं आमिष वेगळं शिकवावं लागत नाही. तीही उचलच आहे, फक्त मुकादम दिसत नाही.

उत्पन्न कमी असणं आणि उत्पन्न बेभरवशाचं असणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत, हे जगभरातही पाहिलं गेलं आहे. २००९ साली आलेल्या 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' या पुस्तकात भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशांच्या रोजनिशा अभ्यासल्या आहेत. गरीब माणसाकडे पैसा नसतो म्हणून तो नियोजन करत नाही, हा समज त्यातून खोटा ठरला. उलट ही कुटुंबं सतत नियोजन करत होती: थोडं इथे साठव, थोडं तिथून उसनं घे, शेजारणीकडे ठेवायला दे. पैसा कमी, त्यात तो कधी येईल याचा नेम नाही, म्हणून त्यांना श्रीमंतांपेक्षा जास्त हिशोब करावा लागत होता.

सोशल मीडियावर बजेटचा एक मंत्र नेहमी फिरत असतो, ५०-३०-२०. निम्मं उत्पन्न गरजांवर, तीस टक्के हौसेवर, वीस टक्के बचत. हा मंत्र एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी २००५ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला, आणि तो अमेरिकेतल्या पगारदार कुटुंबांसाठी होता. परांडा किंवा वाशी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तो फळ्यावर लिहून दिला तर त्याला एकच गोष्ट समजेल, ती म्हणजे आपलं घर नापास आहे.

मुलांना आधीच माहीत असलेलं एक अंदाजपत्रक

धाराशिवमध्ये सुरुवात पाण्यापासून करणं सोपं जातं. जलयुक्त शिवार अभियानामुळे गावाचा 'पाण्याचा ताळेबंद' हा शब्द अनेक गावांत पोचलेला आहे. पाऊस किती पडला, त्यातलं अडवलं किती, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, उरलेल्या पाण्यावर कुठलं पीक घेता येईल. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी असा हिशोब मांडून पिकं ठरवण्यासाठी ओळखलं जातं. पाऊस कमी झाला की तिथे पीकपद्धती बदलते.

यात अंदाजपत्रकाचं सगळं तत्त्व आलं. येणारी रक्कम आपल्या हातात नसते, ती ढगाच्या हातात असते. वर्षातून एकदाच येते. पिण्याचं पाणी आधी बाजूला ठेवायचं, मग शेतीचं बघायचं. उन्हाळ्यात टँकरची वेळ आली तर चूक एप्रिलमध्ये झालेली नसते, ती नोव्हेंबरात जास्त पाणी उपसलं तेव्हाच झालेली असते. 'पाणी' च्या जागी 'पैसा' लिहिलं की काम झालं.

घरातल्या वह्याही कामाला येतात. आई बचत गटात असेल तर घरात पासबुक असतं आणि गटाची पंचसूत्री तिला पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात महिलांच्या गटांचं मोठं काम उभं राहिलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम इथूनच वाढलं. या संस्थेच्या मराठवाड्यातल्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं. बायकांनी घरच्या जमिनीपैकी एक एकर आपल्याकडे मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी घरात खाल्लं जाणारं धान्य, डाळी, भाज्या लावायच्या, हा त्यातला गाभा. अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगायचं तर जमा न वाढवता खर्चाचा एक मोठा रकाना त्यांनी लहान केला. वर्गात हे उदाहरण एसआयपीपेक्षा लवकर पोचतं.

शेळीचंही तसंच. काळी, काटक, बऱ्याचदा जुळी करडं देणारी उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याची ओळख आहे. अडीनडीला विकता येते म्हणून लोक तिला चालतं-फिरतं एटीएम म्हणतात. पण एटीएममधून पैसे काढताना तोटा होत नाही, शेळी घाईत विकली की होतो. फीची शेवटची तारीख उद्यावर आलेली असताना बाजारात गेलेला माणूस भाव करू शकत नाही. शेळी कधी विकायची हे दोन महिने आधी ठरवता आलं, तर अंदाजपत्रकाने त्या घराला रोख फायदा करून दिला.

सुरुवात नियोजनाने नको, नोंदीने करा

पहिले तीन आठवडे कुठलंही बजेट करू नये. फक्त लिहावं. जुन्या दुकानदारांकडे रोजकीर्द असायची, त्या दिवशी जे आलं-गेलं ते त्याच दिवशी, घडलं त्या क्रमाने. विद्यार्थ्याच्या वहीत चार रकाने पुरतात: तारीख, कशासाठी, आले, गेले. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली आर्थिक साक्षरतेसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्या साहित्यातही अशी एक 'आर्थिक डायरी' होती. जपानमध्ये 'काकेइबो' नावाची घरखर्चाची वही १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईंनी रुळवली. हल्ली ती इंटरनेटवर नव्या शोधासारखी विकली जाते. आपल्याकडे किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी ती कायमच पडलेली होती.

यूपीआयमुळे एक सोय झाली आहे. फोनवरच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी आपोआप तयार असते, म्हणजे निम्मी रोजकीर्द लिहिलेलीच मिळते. पण 'समीर, ४० रुपये' एवढंच तिथे दिसतं. ते चहाचे होते की वर्गणीचे की उसने दिलेले, हे ॲपला कळत नाही. म्हणून रात्री दोन मिनिटं वही लागतेच.

तीन आठवड्यांनी खर्चाचे गट पाडायचे. 'गरज' आणि 'हौस' हे दोन गट शिक्षकांना फार प्रिय असतात. मुलं मात्र पहिल्याच मिनिटाला विचारतात की मोबाइलचा रिचार्ज कशात? ऑनलाइन फॉर्म, ओटीपी, कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं त्यावर चालतं. त्यापेक्षा 'ठरलेला', 'बदलता' आणि 'कधीतरी येणारा' असे तीन गट जास्त कामाचे. खोलीभाडं आणि मेस ठरलेला खर्च. भाजी, झेरॉक्स, प्रवास बदलता. परीक्षेचा फॉर्म, सीईटीचं शुल्क, चष्मा, गावची यात्रा, मामाच्या मुलीचं लग्न हे कधीतरी येणारे. बजेट मोडतं ते बहुतेक या तिसऱ्या गटामुळे, आणि दोष जातो चहाला.

प्रवासाच्या रकान्यात सवलती आधी तपासायच्या. अहिल्यादेवी होळकर योजनेत शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांनाही मासिक पासात मोठी सूट मिळते, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्या दरात आहे. यामुळे 'खोली घेऊन राहायचं की रोज येऊन-जाऊन करायचं' याचं गणित एका मुलीसाठी आणि तिच्या भावासाठी वेगळं निघतं. गाडी वेळेवर असेल तर, अर्थात.

एक उदाहरण, आकड्यांसकट

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ही अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या, पण सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना तिच्यातून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. योजनेच्या मूळ तरतुदीत मोठ्या महापालिका शहरांबाहेरच्या ठिकाणांसाठी, म्हणजे धाराशिवसारख्या शहरासाठी, वर्षाला ४३,००० रुपये आहेत: भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,०००. इतर काही प्रवर्गांसाठीही अशाच योजना आहेत. म्हणजे सरकारने विद्यार्थ्याचं एक अंदाजपत्रक आधीच करून ठेवलं आहे. ते तपासून बघायचं, एवढंच काम.

शैक्षणिक वर्ष जुलै ते एप्रिल असं दहा महिन्यांचं धरलं तर महिन्याला जेवणाचे २,५००, खोलीचे १,२०० आणि बाकी सगळ्याचे ६०० होतात. आता विद्यार्थ्याने बाजारात फिरून खरे दर आणायचे. समजा, तिघींत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा १,२०० मध्ये बसला, पण मेस २,८०० ला मिळाली. महिन्याचा खर्च झाला ४,६००, दहा महिन्यांचा ४६,०००. तूट ३,००० रुपयांची. मोठी नाही. रविवारी दोन वेळा खोलीवर स्वयंपाक केला, गावाकडून ज्वारी आणि डाळ आणली की भरून निघेल, असं कुणालाही वाटेल.

पण अंदाजपत्रक इथे संपत नाही. आता तारखा लिहायच्या. समजा, योजनेचा पहिला हप्ता डिसेंबरात खात्यावर आला. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांचे २३,००० रुपये त्याआधीच लागून गेले. वर्षाची तूट ३,००० ची, आणि आधी उभी करायची रक्कम २३,००० ची! ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा खर्च सोयाबीनच्या पैशातून निघाला असं धरू. तरी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे १३,८०० रुपये कुठून तरी आणावेच लागतात, आणि पेरणीमुळे घर त्याच वेळी सगळ्यात रिकामं असतं.

हे पैसे गावात शेकडा तीन रुपये महिना व्याजाने घेतले तर? शेकडा तीन ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे ते ३६ टक्के होतात. दर महिन्याच्या सुरुवातीला ४,६०० घेतले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सगळे फेडले, तर जुलैच्या रकमेवर पाच महिन्यांचं, ऑगस्टच्या रकमेवर चार आणि सप्टेंबरच्या रकमेवर तीन महिन्यांचं व्याज लागतं. एका महिन्याचं १३८ रुपये, असे बारा महिने, एकूण १,६५६ रुपये. मेसच्या वाढीव दराने वर्षाला ३,००० नेले होते, उशिराने आणखी त्याच्या निम्म्याहून जास्त नेले. निर्वाहाचे महिन्याला ६०० धरले होते, त्यातले जवळजवळ पावणेतीन महिने गेले. हे व्याज ना चहाचं आहे, ना रिचार्जचं.

पैसा कमी पडणं आणि पैसा उशिरा येणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. कमी पडत असेल तर खर्च कमी करा किंवा जमा वाढवा. उशिरा येत असेल तर कितीही काटकसर केली तरी भागत नाही, तिथे मागच्या वर्षीचा पैसा या वर्षीच्या जूनपर्यंत राखून ठेवणं, बचत गटातून आईच्या नावे अंतर्गत कर्ज घेणं, खोलीमालकाशी आधीच बोलून दिवाळीपर्यंत मुदत घेणं, हे उपाय असतात. सावकाराकडे जायचंच असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारावं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना बंधनकारक आहे.

असाच कागद पुण्याला जाऊ इच्छिणाऱ्याने जाण्याआधी करायचा. मूळ तरतुदीत पुणे-मुंबईसाठी ६०,००० आहेत, त्यातले निवासाचे २०,०००, म्हणजे दहा महिन्यांना महिन्याला २,०००. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी राहिलेल्या एखाद्या गाववाल्याला फोन लावून खाटेचं भाडं विचारलं की पुढचा आकडा आपोआप पडतो. तो पाहून पुण्याला जाऊ नये असं मुळीच नाही. पण घरच्यांनी किती आणि कोणत्या महिन्यात पाठवायचे, हे जुलैत निघताना ठरलेलं असेल.

तपासायचं कसं?

बजेट करणं मुलांना पटकन जमतं. तपासणं कठीण जातं, कारण बहुतेक वर्गांत तपासणी म्हणजे उलटतपासणी होते. किती उडवले, का उडवले, बचत का नाही. तीन आठवड्यांत मुलं खोटी वही लिहायला लागतात. खोटी वही ओळखणं सोपं असतं: सगळे आकडे गोल असतात आणि वडापाव एकदाही नसतो.

महिनाअखेर ठरवलेला आणि झालेला खर्च शेजारी-शेजारी लिहून फरक काढायचा. मग प्रत्येक मोठ्या फरकापुढे एकच गोष्ट ठरवायची: अंदाज चुकला, वागणं चुकलं की वेळ चुकली? गॅसला ३०० धरले आणि ४५० लागले, तर अंदाज चुकला. पुढच्या महिन्यात ४५० लिहा, स्वतःला दोष देऊ नका. वाढदिवसाच्या पार्टीत ठरवल्यापेक्षा जास्त वर्गणी दिली, तर वागणं. फॉर्मची तारीख आली पण घरून पैसे यायला आठ दिवस लागले, तर वेळ. अंदाज चुकलेला असताना वागण्याला शिक्षा केली की मुलाचा वहीवरून विश्वास उडतो.

आणि तुटीचं अंदाजपत्रक म्हणजे नापास नव्हे. ज्या घरात वर्षाची जमाच अपुरी आहे, तिथलं प्रामाणिक अंदाजपत्रक तुटीचंच असणार. ती तूट केवढी आणि कोणत्या महिन्यात, हे आधी कळलं हेच त्याचं यश. मग शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत जातो. आठवीत दिल्या जाणाऱ्या एनएमएमएस परीक्षेचंच पाहा. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातलं मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल आणि निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही रक्कम एकदम खात्यावर जमा होते आणि घरातल्या कुठल्या तरी अडचणीत एकदमच जाते. तिचे बारा भाग करून, त्यातले दोन परीक्षेच्या फॉर्मसाठी आणि एक चष्म्यासाठी बाजूला लिहिलेले असले, तर निदान 'हे पैसे कशाचे आहेत' यावर घरात बोलणं तरी होतं.

एक पथ्य मात्र शिक्षकांनी पाळायलाच हवं. वर्गात कुणाच्याही घरचं उत्पन्न, कर्ज किंवा उचल मोठ्याने वाचायला लावू नये. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात कर्जाचा आकडा हा अनेक घरांत न बोलण्याचा विषय आहे. फळ्यावर काल्पनिक कुटुंब घ्यावं, खरी वही मुलाच्या दप्तरातच राहू द्यावी. शिक्षकाने वही तपासायची ती आकड्यांसाठी नाही, फरकाचे तीन प्रकार नीट ओळखले का, एवढ्यासाठी. हंगामी वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, आईबाप तोडीला गेलेल्या मुलाचा हिशोब सगळ्यांत लहान असतो आणि बऱ्याचदा सगळ्यांत चोख. ते त्याला एकट्याला सांगावं.

लहान मुलांसाठी जिल्हा परिषद शाळांमध्ये भरणारा बाल आनंद बाजार हाताशी आहेच. मुलं घरची मेथी, लिंबं, भेळ घेऊन बसतात, गावकरी कौतुकाने विकत घेतात, दिवसअखेर कुणी किती कमावले याच्या बातम्या होतात. फक्त त्या बातमीतला आकडा बहुतेक विक्रीचा असतो. भेळेचे मुरमुरे, फरसाण, तेल घरून आलेलं असतं, त्याचा खर्च कुणी लिहीत नाही. तो आदल्या दिवशी लिहून घेतला तर दुसरी-तिसरीतल्या मुलांनाही विक्री आणि नफा यातला फरक एका सकाळीत कळतो. काहींना तोटा झालेला कळतो, आणि रडू येतं. तेही चालेल.

खातं आणि फोन

दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडायला आणि चालवायला बँका परवानगी देऊ शकतात. किमान शिल्लक ठेवायला लागू नये असं मूलभूत बचत खातं मागावं. अठरा पूर्ण झाल्यावर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा घेतला असेल तर मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक हवी, नाहीतर तो गुपचूप बंद पडतो. 'कधीतरी येणाऱ्या' खर्चाच्या यादीत तोही लिहून ठेवावा.

फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचं आमिष नेमकं ऑगस्ट-सप्टेंबरात, खिसा रिकामा असताना काम करतं. ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली बँक किंवा वित्तसंस्था कोणती, हे दिसत नसेल तर पुढे जाऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करता येते. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

वहीचं वर्ष जूनला सुरू करण्यापेक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करणं धाराशिवच्या हवामानाला धरून आहे. तेव्हा गेल्या वर्षीचे फरक डोळ्यासमोर असतात, पेरणीचे पैसे अजून गेलेले नसतात, आणि घरात कुणाकडून किती आणायचे याची बोलणी सुरू झालेली असतात. त्या बोलण्यात बारावीतल्या मुलीने वही उघडून 'मला सप्टेंबरपर्यंत १३,८०० लागतील, त्यातले ४,००० माझ्याकडे आहेत' असं सांगितलं, तर उरलेल्या ९,८०० चं काय करायचं, हे पावसाआधी ठरतं.